एकूण अपत्ये : पाच

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणाला सरकारात अर्ज करायचा असला की तो नृसिंह टिपुगडे मास्तरांच्या घरी यायचा. मास्तर मजकूर सांगायचे आणि लिहायची त्यांची मुलगी विमला. कोऱ्या कागदावर रेघ न मारताही तिची ओळ सरळ जायची. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. टिपुगड्यांच्या पोरीनं लिहिलेला अर्ज परत येत नाही, असं पेठेतले लोक म्हणायचे. विमलालाही ते मनातून आवडायचं. दिसायला ती बेताची, बोलायला त्याहून बेताची. कॉलेजात चार मुलींत तिचं नाव निघावं असं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, शहात्तर सालच्या उन्हाळ्यात, ती कॉलेजच्या शिबिराला गेली. शाळा सुटलेल्या किंवा शाळा कधी न पाहिलेल्या पोरांना तीन आठवडे शिकवायचं, असं ते शिबिर होतं. गाव ठरलं गोठणवाडी. मलकापूरच्या पुढं रत्नागिरीचा रस्ता सोडून दोन कोस चढ चढला की एकेचाळीस घरांची ही वाडी लागायची. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंद. मुलींना पाठवायला घरचे लोक कां कूं करत होते, पण शिबिराचे प्रमुख मगदूम सर स्वतः मास्तरांच्या घरी आले. शंकरप्पा मगदूम म्हणजे अत्यंत सालस माणूस, कुणाशी मोठ्यानं बोललेला नाही. "चार मुली आहेत, मास्तर. माझी बायको पण येणार आहे," त्यांनी सांगितलं आणि परवानगी मिळाली.

पहिल्या दिवशी शाळेच्या पडवीत अकरा पोरं जमली. चौथ्या दिवशी सदतीस झाली. सकाळी अक्षरओळख आणि पाढे, दुपारी गोष्टी, ऊन उतरलं की कबड्डी आणि लेझीम. कॉलेजची मुलं पोरांची नखं काढायची, खरजेला मलम लावायची. पोरं त्यांना करवंदांच्या जाळीत घेऊन जायची आणि शहरातली माणसं काट्यात अडकली की पोट धरून हसायची.

विमलाच्या वाट्याला आठ मुली आल्या. त्यातली एक बाळाबाई. बारा वर्षांची, काटकुळी, आवाज मात्र सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. अकरा दिवसांत तिला जोडाक्षरं यायला लागली. मग ती साबणाच्या वड्यांवरचे कागद वाचत सुटली, औषधाच्या बाटल्या वाचत सुटली, मगदूम सरांच्या छत्रीच्या दांड्यावरचं नावसुद्धा तिनं वाचून दाखवलं. तिचा बाप केरबा रोज संध्याकाळी पडवीच्या खाली उभा राहून ऐकायचा. वर यायचा नाही. एकदा डोक्यावर भलामोठा फणस घेऊन आला, तो विमलाच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "बाई, ही सातवीपत्तूर शिकंल न्हवं?"

"सातवीच्या पुढंही शिकेल," विमला म्हणाली.

"पुढलं पुढं. सातवी हुईल का तेवढं सांगा."

"होईल."

केरबानं मान हलवली आणि तो भाताची रोपं टाकायच्या तरव्याची जमीन भाजायला निघून गेला. त्याच्या अंगाला कायम पाल्याच्या धुराचा वास यायचा.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी छापील कागद काढले. वर लिहिलं होतं, कुटुंब पाहणी. घरमालकाचं नाव, वय, जमीन, जनावरं, एकूण अपत्ये, शिक्षण, आजार. विद्यापीठाला अहवाल द्यायचा आहे, आणि एक प्रत वरच्या साहेबांकडं गेली तर वाडीला विहीर मिळेल, असं सरांनी वाडीत बसून सांगितलं. विहिरीचं नाव ऐकून लोक मोकळेपणानं बोलले. बायका उन्हाळ्यात पाऊण कोसावरनं पाणी आणायच्या. ज्यांनी तलाठ्याला कधी खरं सांगितलं नव्हतं त्यांनी ह्या पोरांना सगळं सांगितलं. आपल्या पोरांना शिकवणारी ही माणसं, त्यांच्यापासनं काय लपवायचं.

केरबाच्या घरी विमला गेली तेव्हा त्याची बायको झुंबरबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. बाळाबाईचा धाकटा भाऊ तिच्या मांडीला डोकं लावून झोपला होता.

"मावशी, मुलं किती?"

"पाच."

विमलानं वर बघितलं. "मला तर बाळी आणि हा, दोघंच माहीत आहेत."

"दोन हायती. तीन गेली." झुंबरबाईचे हात सुपात तसेच चालत राहिले. "थोरली सोना. गोवरानं मरत्यात तसं अंगावर फोड येऊन गेली. मग तुकाराम. त्यो चालाय लागलाता. आनि एक पोरगी, तिचं नाव ठिवायच्या आदीच गेली."

केरबा आतनं म्हणाला, "गेलेल्यांचं कशाला सांगतीस? त्यास्नी काय विहिरीचं पानी लागतंय?"

"लागू दे न लागू दे. मी पाच बाळंतपणं काढल्यात. लिव्हा बाई, पाच."

कागदावर रकाना एकच होता. विमलानं त्यात पाच लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात दोन्ही नावं लिहिली. तिसरीसाठी 'मुलगी' एवढंच. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं, पण तिनं मान वाकवून त्या अक्षरांकडं बघितलं. "ह्यातलं सोना कुठलं?" विमलानं बोट ठेवून दाखवलं. झुंबरबाईनं तांदळाची भुकटी लागलेलं आपलं बोट त्या शब्दाच्या जवळ नेलं आणि कागद खराब होईल म्हणून मागं घेतलं.

एकेचाळीस घरांचे कागद झाल्यावर सरांनी ते विमलाकडं दिले. अक्षर तुझंच चांगलं, तूच पक्की यादी कर, म्हणाले. दोन कार्बन घालून तिनं तीन प्रती काढल्या. पक्क्या यादीला समास नव्हता. एका घराला एक ओळ. तिनं केरबाच्या ओळीत पाच लिहिलं, क्षणभर थांबली, आणि पुढच्या घराकडं गेली. कच्चे कागद चुलीपाशी पडले होते, ते मुलांनी चहाच्या आधणाखाली घातले.

शेवटच्या दिवशी चार वाजता समारोप होता. केरबानं आणि दुसऱ्या गड्यांनी जांभळाचे ढाळे तोडून शाळेपुढं मांडव घातला होता. सगळी वाडी धुतलेले कपडे घालून आली. बाळाबाई धडा वाचून दाखवणार होती, तिच्या केसांना झुंबरबाईनं निथळेपर्यंत तेल लावलं होतं. समारोपाला पाहुणे येणार, एवढं सरांनी सांगितलं होतं. वर्ष आणीबाणीचं होतं, पाहुणे कोण असतील ते सरांना ठाऊक असावं, पण दुपारपासून ते कुणाशी बोलत नव्हते.

चढावरनं एक जीप आली आणि तिच्या मागं ट्रक. जीपमधनं एक साहेब उतरले. सरांनी बाळाबाईच्या हातात हार दिला, तिनं टाचा उंच करून तो साहेबांच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब लहान कुटुंबाबद्दल थोडं बोलले, मग खिशातनं कागद काढून नावं वाचायला लागले. लोकांना वाटलं, बक्षिसं आहेत. नाव आलं की माणूस हसत उठायचा, धोतर सावरायचा आणि पुढं जाऊन उभा राहायचा. तिसरं नाव केरबाचं आलं. त्यानं उठताना बाळाबाईकडं बघितलं.

सात माणसं उभी राहिली तेव्हा मांडवाच्या तिन्ही बाजूला पोलीस आले होते.

कुणीतरी विचारलं, "साहेब, कुठं जायाचं हाय?" आणि हवालदार म्हणाला, "ट्रकात बसा, कळंल." त्यावर सगळ्यांना एकदमच कळलं. त्या वर्षी दुसऱ्या वाड्यांतनं नसबंदीला माणसं भरून ट्रक गेलेले होते. दोघं पळाले, बांधावर धरले गेले. बायका ओरडायला लागल्या. केरबा मात्र पळाला नाही. हात जोडून साहेबांपुढं गेला. "मला दोन हायती, साहेब. एक पोरगी, एक पोरगा. बघा की, हितंच हायती."

साहेबांनी कागद बघितला. "पाच आहेत."

तेव्हा विमलाला त्या कागदावरची निळी कार्बनची अक्षरं दिसली. ओळी सरळ होत्या. ती गर्दीतनं पुढं आली. "साहेब, त्यातली तीन वारलेली आहेत. ही यादी मी लिहिली आहे."

"मग तसं लिहायचं होतं," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "आता मी कागदावर जायचं का तोंडावर?"

"सर, तुम्ही तरी सांगा," विमला मगदूम सरांकडं वळली. सर जमिनीकडं बघत होते. कॉलेजच्या प्रत्येक मास्तरावर माणसं आणून द्यायचा आकडा आला होता, आणि सरांना सहा महिन्यांत एकही माणूस मिळाला नव्हता. हे तिला मागाहून समजलं. त्या वेळी सर एवढंच म्हणाले, "विमला, तू आत जा."

ती आत गेली. पुढं आयुष्यभर तिनं स्वतःला हे अनेकदा विचारलं, की आपण आत का गेलो. ट्रकच्या पुढं उभं राहता आलं असतं, फळकुटाला लोंबकळता आलं असतं. त्यानं काही झालं नसतं, पण करता आलं असतं. ती शाळेच्या खोलीत जाऊन आपल्या वळकटीवर बसली आणि बाहेर ट्रक सुरू झालेला ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर उठलं. वाडीतलं कुणी निरोप द्यायला आलं नाही. एकटी बाळाबाई आली. विमलानं तिला पत्ता घातलेली तीन पोस्टकार्डं दिली. "काही लागलं तर लिही."

जूनच्या अखेरीला त्यातलं एक कार्ड मंगळवार पेठेत आलं. पावसात भिजलेलं, काही अक्षरं फुटलेली.

"अक्कास नमस्कार. आबाच तोंड उघडत न्हाय. अंगाची कमान हुतीया. जखम वल्ली हाय. तुमी डाक्तर सायब आणा. तुमची बाळाबाई."

कार्ड टाकून सहा दिवस झाले होते. विमलानं ते वडिलांना दाखवलं. नृसिंह मास्तर कार्ड वाचून म्हणाले, "हा धनुर्वात आहे. जायचं तर जा, पण माणूस असेल असं धरून जाऊ नकोस."

तिनं पहाटेची एस.टी. पकडली. मलकापूरहून वर पावसात चालत गेली. गोठणवाडीत कुत्री भुंकली, माणसं दारातनं आत गेली. केरबाला जाऊन चार दिवस झाले होते. तो ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशीच तरव्याच्या चिखलात उतरला होता. पाऊस कुणाची वाट बघत नव्हता आणि घरात दुसरा गडी नव्हता. पुढं दोन आठवड्यांनी जबडा धरला.

झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. मोकळ्या कपाळाची. विमला तिच्यासमोर शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली. येताना वाटेत तिनं एकच ठरवलं होतं, खरं सांगायचं. न सांगता ह्या बाईच्या समोर बसणं म्हणजे चोरी, असं तिला वाटलं. ती वीस वर्षांची होती.

"मावशी, साहेबांच्या हातात जी यादी होती ती मी लिहिली होती. माझ्या हातची होती."

झुंबरबाईनं विचारलं, "त्यात काय लिव्हलंतं?"

"पाच."

"नावं हुती?"

"नाही मावशी. नावं राहिली. नुसतं पाच."

बाहेर पागोळ्या पडत होत्या. विमला रागाची वाट बघत होती. शिव्यांची वाट बघत होती, खरं तर त्यासाठीच ती आली होती. झुंबरबाई हळू म्हणाली, "पाच मीच सांगितलंतं."

"चूक माझी आहे मावशी. मी तसं लिहायला..."

"त्यो म्हनलाता, गेलेल्यांचं कशाला सांगतीस. मी ऐकलं न्हाय." तिचा आवाज कुणाशी बोलल्यासारखा नव्हता. "म्हंजी मीच धाडलं त्येला."

विमलानं तिचे हात धरले, परत परत सांगितलं, की तसं नाही. झुंबरबाईनं हात काढूनही घेतले नाहीत. तिला ते ऐकूच जात नव्हतं. तोवर तिला वाटत होतं, सरकारनं नेलं, नशिबानं नेलं, तलाठ्यानं दावा साधला. विमला आली आणि तिनं त्या बाईला एक नवीन कारण दिलं. परत जाताना, उतारावर, विमलाला हे उमगलं आणि ती चिखलात खाली बसली. आपण मन मोकळं करायला आलो होतो. आणि आपलं ओझं तिच्या दारात ठेवून चाललो.

पुढच्या साली निवडणूक झाली, सरकार बदललं, चौकशीच्या गोष्टी पेपरात यायला लागल्या. विमलानं अर्ज लिहिला. तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्ज, अकरा पानं. त्यावर झुंबरबाईचा अंगठा हवा होता. ती दोनदा वर गेली. झुंबरबाईनं अंगठा दिला नाही.

"काय सांगू मी त्यास्नी? पाच पोरं हायती असं म्याच सांगितलं म्हनून सांगू?"

अंगठ्याशिवाय अर्ज गेला. उत्तर आलं, की मृत्यू धनुर्वातानं झालेला असून त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध आढळत नाही. मगदूम सर रस्त्यात भेटले की दुसऱ्या बाजूला जायचे. एकदा मात्र मंडईपाशी थांबले. "मला वाटलं होतं, ते नुसतं समजावून सांगतील," ते म्हणाले. विमलाला त्यांचा राग आला नाही.

बी.एड. झाल्यावर तिनं मलकापुरात शाळेतली नोकरी धरली. मास्तरांना समजेना. "लोक तिथनं कोल्हापुरात यायला धडपडतात," ते म्हणायचे. स्थळं येत होती, पण मलकापूर सोडायचा विषय निघाला की ती नाही म्हणायची, आणि दोन-तीन वर्षांत स्थळं यायची थांबली. पहिल्याच महिन्यात ती बाळाबाईला शाळेत घालायला म्हणून वर गेली, माझ्याकडं ठेवते म्हणाली. झुंबरबाई म्हणाली, "तिला अक्षर नगं आता." आणि बाळाबाईनं आईच्या मागं उभं राहून तोंड फिरवलं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, घाटाखाली लांबच्या गावात दिली. गोठणवाडीतली पोरं पुढं कितीतरी वर्षं शाळेत आली नाहीत. कागद घेऊन कुणी चढावर दिसला की वाडी रानात पळायची. नर्सबाई गेली तरी पळायची.

विमला महिन्यातनं एकदा वर जायची. चहापत्ती, गूळ, थोडे तांदूळ. झुंबरबाई तिला बसू द्यायची. बोलणं पावसाचं, म्हशीचं. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. बाळाबाईचा भाऊ थोडा मोठा झाला तसा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला आणि झुंबरबाई घरात एकटी उरली. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात विमला गेली तर ती अंथरुणाला खिळलेली, खोकल्यातनं रक्त पडत होतं. चार गड्यांनी बाजल्यावर घालून तिला खाली आणली.

मलकापुरातल्या दोन खोल्यांत विमलानं तिला चार महिने सांभाळलं. इंजेक्शनं आणली, पण उशीर झाला होता. शेजारच्या धोंडुबाई विचारायच्या, "कोण लागते ही तुमची?" विमला म्हणायची, ओळखीची आहे. रोज सकाळी ती तिला पुसून काढायची, पेज भरवायची आणि शाळेला जायची. झुंबरबाई सगळं करून घ्यायची. कधी नको म्हणाली नाही, कधी बरं वाटलं म्हणाली नाही.

श्रावणात एका दुपारी पेज भरवताना झुंबरबाईनं तिचा हात धरला. बोटांत ताकद नव्हती.

"तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"व्हय मावशी," विमला म्हणाली.

"कायम त्येच डोक्यात ऱ्हायलं बघ. पोरांची नावंबी घ्यावीशी वाटली न्हाईत परत."

विमलानं वाटी खाली ठेवली. माफ कर असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं, पण ते पुन्हा स्वतःसाठीच मागणं झालं असतं. थोड्या वेळानं झुंबरबाईनं तोंड उघडलं तेव्हा तिनं पुढचा घास दिला.

आठ दिवसांनी झुंबरबाई गेली. मुलगा आला, दिवस करून परत मागावर गेला. बाळाबाईला निरोप उशिरा पोचला. ती आली तेव्हा खोली धुऊन काढायची राहिली होती. एकोणीस वर्षांची, काखेत मूल, दुसरं पोटात. आवाज खाली आलेला. दोघींनी मिळून फिनेल टाकून फरशी घासली, गोधड्या उन्हात घातल्या.

"अक्का," बाळाबाईनं विचारलं, "आई शेवटाला काय म्हनली का? आबाचं काय? त्या येळंचं?"

विमला गोधडी पिळत होती. खरं काय ते तिला शब्द न् शब्द पाठ होतं.

"नाही," ती म्हणाली. "काही म्हणाली नाही. झोपेतच गेली."

बाळाबाईनं मान हलवली. मूल रडायला लागलं होतं, तिनं त्याला पदराखाली घेतलं. तीनच्या एस.टी.नं ती गेली. विमला स्टँडवर तिला बसवून आली, उरलेल्या गोधड्या आत घेतल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी वह्या तपासायला बसली.